बंद पडलेल्या भट्टीचें मोल

नालासोपाऱ्याहून पश्चिमेस जाणारी वाट निर्मळावरून पुढें कळंबच्या वाळूंत उतरते. अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत पसरलेल्या या किनाऱ्यावर सुरूचीं बनें आहेत, माड आहेत, आणि मधून मधून ताडांचे उंच शेंडेहि दिसतात. ताडामाडाच्या पोयीस काप देऊन तिच्या तोंडाशीं मडकें बांधलें म्हणजे रात्रभर थेंब थेंब रस पाझरतो. पहांटे उतरविलेला ताजा रस गोड असतो; ती नीरा. ऊन चढूं लागलें कीं तोच रस फेंसाळतो आणि त्याची ताडी होते. सायंकाळीं ती आंबते, आणि पुढें तशीच राहूं दिली तर तिचा सिरका होतो. एवढें अल्प आयुष्य घेऊन जन्मलेल्या या पेयाची जुनी बाटली कोणी जपून ठेवीत नाहीं. कालची ताडी आज दुप्पट दाम देऊन मागणाऱ्या मनुष्यास या किनाऱ्यावर लोक हंसतील.

परंतु ज्या सुशिक्षित घरांतील मुलगा किंवा भाचा अमेरिकेंत नोकरीस आहे, तेथें याच्या अगदीं उलट गोष्ट गंभीर चेहऱ्यानें बोलली जाते. तिकडची अमुक एक व्हिस्की. ती काढणारी भट्टी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं कायमची विझली. तिची एक शिल्लक बाटली अमुक ठिकाणीं आहे आणि तिची किंमत दोन लाख रुपये आहे. घ्यावी कीं न घ्यावी? ज्यांस मद्य सर्वथा वर्ज्य आहे, त्या श्रोत्यांस हा प्रश्न कानाआड करावासा वाटेल. तथापि त्याच्या पोटीं असलेला प्रश्न घरोघरचा आहे. वस्तु होती तेव्हां तिला विचारणारा नव्हता. ती नाहींशी झाली आणि मोल चढलें. हें चढलेलें मोल नेमकें कशाचें?

ज्या मद्याविषयीं ही चर्चा चालते, त्याचें नांव बर्बन. तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील असून त्याचें माहेर केंटकी संस्थान. १९६४ सालीं तेथील काँग्रेसनें ठराव करून बर्बन हें नांव अमेरिकेंतच होणाऱ्या व्हिस्कीस राखून ठेविलें. तिचे नियम कडक आहेत. धान्याच्या मिश्रणांत निदान ५१ टक्के मका असला पाहिजे. उरलेल्या भागांत बहुधा राय नांवाचें धान्य आणि मोड आणून वाळविलेला जव असतो. कोठें कोठें रायच्या जागीं गहूं घालतात, म्हणजे चव मऊ होते. अर्क पिंपांत भरतेवेळीं त्यांतील मद्यार्काचें प्रमाण ६२.५ टक्क्यांहून अधिक असूं नये. पिंप ओक लांकडाचें, कोरें करकरीत, आणि आंतून जाळून कोळसा केलेलें असावें लागतें. एकदां वापरलेलें पिंप बर्बनसाठीं पुनः चालत नाहीं. तें स्कॉटलंडसारख्या देशांत विकलें जातें. वरून रंग वा सुवास मिसळण्याची मनाई आहे. तेव्हां बाटलींत जो तांबूस रंग दिसतो आणि जो गूळकट, व्हॅनिलासारखा गंध येतो, तो जळक्या लांकडाचा आणि काळाचा.

या मद्याच्या इतिहासांत एक भट्टी विशेष प्रसिद्ध आहे. केंटकींतील लुईव्हिल शहराच्या कडेस शायव्हली येथें स्टिट्झेल-वेलर या नांवाचा कारखाना १९३५ सालीं सुरू झाला. अमेरिकेंतील तेरा वर्षांची दारूबंदी १९३३ सालीं उठली होती, आणि धंदा पुनः उभा राहात होता. कारखान्याचा प्रमुख ज्यूलियन व्हॅन विंकल. त्याला लोक ‘पॅपी’ म्हणत. रायऐवजीं गहूं वापरणें ही या भट्टीची खूण. पॅपी १९६५ सालीं वारला. त्यानंतर लवकरच अमेरिकन लोकांची रुचि पालटली. तरुणांस बापाची व्हिस्की नकोशी झाली आणि व्होडकासारखीं निर्वर्ण, हलकीं मद्यें हवीशीं झालीं. कुटुंबानें १९७२ सालीं कारखाना विकला. नव्या मालकांच्या हातीं तो वीस वर्षें कसाबसा चालला, आणि १९९२ सालीं तेथील अर्क काढण्याचें काम थांबलें.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आग नाहीं, पूर नाहीं, सरकारी बंदीहि नाहीं. ही भट्टी विझली ती गिऱ्हाइकाच्या उदासीनतेनें. १९७० आणि १९८० च्या दशकांत केंटकीच्या वखारींत जुनी व्हिस्की इतकी पडून होती कीं ती कोणास विकावी हीच विवंचना. पेन्सिल्व्हेनियांतील शेफर्सटाउन येथील एका जुन्या भट्टींत १९७४ च्या वसंत ऋतूंत हर्श नांवाच्या गृहस्थासाठीं बर्बन काढण्यांत आली. तीहि भट्टी १९९० सालीं बंद पडली. तिची उरलेली बर्बन सोळा वर्षांची झाल्यावर, लांकडाचा अधिक कडवटपणा तींत उतरूं नये म्हणून, पोलादी टाक्यांत ओतून ठेविली. त्यानंतर कित्येक वर्षें ती साध्या दुकानांत साध्या भावानें मिळत होती. आज तिच्या बाटलीसाठीं लिलांवांत चढाओढ लागते. बाटलींतील द्रव्य तेंच आहे. पालटलें आहे तें गिऱ्हाइकाचें मन.

पॅपीच्या नातवानें आजोबांच्या भट्टीचा जुना सांठा जमवून तो पॅपीच्याच नांवानें बाटल्यांत भरण्यास आरंभ केला. १९९० च्या दशकांत एका परीक्षणसंस्थेनें त्यांतील वीस वर्षांच्या व्हिस्कीस शंभरांपैकीं ९९ गुण दिले आणि पाहतां पाहतां तिचें नांव झालें. २००२ पासून या कुटुंबाच्या नांवाची व्हिस्की बफेलो ट्रेस या दुसऱ्या कारखान्यांत तयार होते. म्हणजे नांव तेंच, चित्र तेंच, परंतु भट्टी निराळी. जुन्या भट्टीची व्हिस्की त्या नांवाच्या आरंभींच्या बाटल्यांतच काय ती सांपडते. नवीन बाटलीचाहि कारखान्यानें सुचविलेला भाव कांहींशें डॉलर असतां पुनर्विक्रीच्या बाजारांत ती हजारों डॉलरांस जाते. जुनीची गोष्ट तर बोलावयास नको.

या किंमतीचा कांहीं भाग खरा आहे, आणि तो नाकारणें न्यायाचें होणार नाहीं. एका पिंपांत सुमारें २०० लिटर अर्क मावतो. केंटकीचा उन्हाळा प्रखर. लांकडाच्या छिद्रांतून अर्काची वाफ सारखी उडत असते. तिला तिकडील कामकरी देवदूतांचा वांटा म्हणतात. दरसाल चार टक्के अर्क उडतो असें धरलें, तर वीस वर्षांअखेर २०० लिटरांचे सुमारें ८८ लिटर उरतात. चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें ज्यांनीं शाळेंत सोडविलीं आहेत, त्यांनीं एक उदाहरण उलट्या अंगानें सोडवून पाहावें. आरंभीं ज्या पिंपांतून पाऊणलिटरी २६६ बाटल्या भरल्या असत्या, त्यांतून आतां ११७ भरतात. शिवाय वीस वर्षें अडकलेलें भांडवल, वखारीचें भाडें, आणि जीं पिंपें इतकीं वर्षें ठेवून शेवटीं कडू निघालीं त्यांचा तोटा. अशी व्हिस्की चार वर्षांच्या व्हिस्कीहून कित्येक पट महाग असणें रास्तच. पण हा सारा हिशेब कारखान्यानें स्वतः केलेलाच असतो, आणि आपला नफा मिळवूनच तो आपला भाव सांगतो. त्या भावाच्या वर जें कांहीं चढतें, त्यांत ना मका आहे, ना ओक, ना देवदूतांचा वांटा. दोन लाखांच्या पाऊणलिटरी बाटलींतून ३० मिलिलिटरांचे २५ पेले होतात. एका पेल्यास आठ हजार रुपये पडले. त्यांतील बहुतेक रुपये पेल्यांत नसलेल्या वस्तूसाठींच दिलेले असतात.

आतां रसिकांचें म्हणणें असें कीं जुनी बर्बन खरोखरीच निराळी लागते. त्यांत तथ्य आहे. १९६२ पूर्वीं पिंपांत भरावयाच्या अर्काची कमाल मर्यादा ५५ टक्के होती. ती त्या वर्षीं ६२.५ टक्क्यांवर नेली. अर्क सौम्य असतां लांकडांतील निराळीं द्रव्यें त्यांत विरघळतात आणि बाटलीबंद करतांना पाणीहि कमी घालावें लागतें. ओकचीं झाडें जुनीं व दाट रेषांचीं असत, तांब्याचीं पात्रें निराळीं असत. मंदीच्या काळांत सांठा तुंबल्यामुळें चिठ्ठीवर आठ वर्षें लिहिलेल्या बाटलींत त्याहून जुनी व्हिस्कीहि जात असे, असें जाणकार सांगतात. हें सर्व मान्य केलें तरी एक भ्रम काढून टाकला पाहिजे. व्हिस्की कांचेंत मुरत नाहीं. पिंपांतून बाहेर काढली त्या दिवशीं तिचें वय थांबलें. पन्नास वर्षें कपाटांत पडलेली आठ वर्षांची व्हिस्की ही आठ वर्षांचीच. उलट बूच सुकून कुसकरलें, आंत हवा शिरली, ऊन लागलें, तर ती फिकी पडते. लोणच्याप्रमाणें ती बरणींत मुरेल अशा समजुतीनें ज्यांनीं बाटल्या माळ्यावर ठेविल्या आहेत, त्यांची निराशा ठरलेली आहे.

जिभेवर कितपत विश्वास ठेवावा याविषयीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २००८ सालीं एक मनोरंजक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं कांहीं मंडळींस द्राक्षमद्य चाखावयास दिलें आणि प्रत्येक वेळीं त्याची किंमत सांगितली. एकच मद्य एकदां दहा डॉलरांचें म्हणून दिलें व एकदां नव्वद डॉलरांचें म्हणून. नव्वदाचें म्हणून दिलेलें अधिक आवडलें असें चाखणारांनीं सांगितलें. यांत खोटें बोलण्याचा प्रश्न नव्हता. त्याच वेळीं यंत्रानें त्यांच्या मेंदूची पाहणी चालू होती, आणि सुखाच्या जाणिवेशीं संबंध असलेला भाग महागड्या घोटाच्या वेळीं खरोखरीच अधिक चेतलेला आढळला. किंमत हीच एक चव आहे असें यावरून म्हणावें लागतें. तिचा आस्वाद घेणारास तो लखलाभ असो. मात्र तिचें श्रेय केंटकीच्या मक्यास देऊं नये.

किंमत चढली कीं तिच्या पाठोपाठ लबाडी येते. ज्या बाटल्यांची रिकामी कांचसुद्धां पैशाला पासरी विकली जात नाहीं, त्या पुनः भरल्या जाणारच. २०१७ सालीं स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलांत १८७८ सालची म्हणून सांगितलेली स्कॉच व्हिस्की एका चिनी लेखकानें सुमारें दहा हजार स्विस फ्रँक देऊन एक घोटभर घेतली. पुढें तपासणी झाली तेव्हां ती १९७० नंतरची निघाली, आणि हॉटेलनें पैसे परत केले. दुसऱ्याच वर्षीं स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञांनीं दुर्मिळ म्हणून विकल्या जाणाऱ्या ५५ बाटल्या तपासल्या. त्यांतील २१ एक तर बनावट होत्या किंवा सांगितलेल्या वर्षाच्या नव्हत्या. ही परीक्षा होते ती अणुबाँबच्या कृपेनें. १९५० आणि १९६० च्या दशकांतील स्फोटांमुळें हवेंतील किरणोत्सर्गी कार्बन वाढला. तो पिकांत उतरला. पिकांतून मद्यांत आला. एकोणिसाव्या शतकांतील म्हणविणाऱ्या व्हिस्कींत तो सांपडला कीं तिचें बिंग फुटलें. परंतु घरीं बाटली विकत घेणारास ही परीक्षा करतां येत नाहीं, आणि बाटली न फोडतां तर कोणासच सहज करतां येत नाहीं. या धंद्याची खुबी अशी कीं गिऱ्हाइकानें बाटली न फोडणें हेंच विकणाराच्या हिताचें असतें.

‘प्यावयाची नाहीं, सांठवावयाची आहे, सोन्यासारखी भाव खाईल’ असें म्हणणारांचा एक वर्ग आहे. १९२६ सालीं पिंपांत भरून साठ वर्षांनीं बाहेर काढलेल्या मॅकॅलन नांवाच्या स्कॉच व्हिस्कीच्या अवघ्या ४० बाटल्या भरल्या होत्या. त्यांतील एक २०२३ सालीं लंडनच्या लिलांवांत २१ लाख पौंडांहून अधिक किंमतीस गेली. अशा वार्ता वाचून मन चळतें. महाराष्ट्रांतील गृहस्थास मात्र येथें एक मोठी अडचण आहे, आणि तिचा उच्चार फारसा कोणी करीत नाहीं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्यास आतां महाराष्ट्र दारूबंदी कायदा असें नांव आहे, तो रद्द झालेला नाहीं. मद्य जवळ बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि परवान्यावांचून मद्य विकणें हा गुन्हा आहे. घरांतील सोनें सराफाकडे नेतां येतें. घरांतील बाटली कोणाकडे नेणार? जी वस्तु उघड बाजारांत विकतां येत नाहीं तिला ठेव म्हणणें म्हणजे बुडीत खात्याची बेरीज जमेच्या बाजूस मांडणें होय. शिवाय रीतसर आयात करावयाची तर जकात आहे. बर्बनवरील जकात फेब्रुवारी २०२५ मध्यें १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणली, तरी मूळ किंमत दुप्पट करण्यास ती पुरेशी आहे.

इतकें झाल्यावर दृष्टि पुनः उत्तर कोंकणाकडे वळवावी. जुन्या ठाणें जिल्ह्यांतहि एक मद्य होतें, आणि त्याच्याहि भट्ट्या विझल्या. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटे झाडाखालीं गळून पडतात. तीं वेंचावयाचीं, वाळवावयाचीं, भिजवून आंबवावयाचीं आणि मातीच्या मडक्यांतून अर्क उतरवावयाचा, ही विद्या वारली, कातकरी यांच्या पाड्यांवर पिढ्यान् पिढ्या होती. देवाच्या पूजेंत, लग्नांत, मर्तिकांत त्या अर्काचें कांहीं काम असे. १८७८ सालीं मुंबई इलाख्यांत अबकारी कायदा आला. ताडामाडांवरील कर कडक झाला, घरगुती भट्ट्यांवर टांच आली आणि अर्क काढण्याचें काम ठराविक मक्तेदारांकडे व सरकारी देखरेखीखालील भट्ट्यांकडे गेलें. उरण हें या धंद्याचें मोठें ठाणें बनलें. तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणून १८९२ सालीं खास ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांचा कायदा करण्यांत आला आणि फुलें बाळगण्यावरच निर्बंध आले. रानांत झाडाखालीं आपोआप पडणारें फूल उचललें तर तो अपराध ठरूं शके. अशा कायद्याची कल्पना एखाद्या नाटककारास सुचली असती तर लोकांनीं ती अतिशयोक्ति म्हणून सोडून दिली असती. पुढें १९४९ च्या कायद्यानें उरलीसुरली वाटहि बंद केली. दारूचे दुष्परिणाम थोडे नव्हते, आणि घरेंदारें उद्ध्वस्त झालेलीं पाहून ज्यांनीं बंदी मागितली त्यांचा हेतु शुद्ध होता. परंतु १८७८ च्या कायद्याच्या मुळाशीं मुख्यतः तिजोरी होती, हेंहि तितकेंच खरें.

याचा परिणाम काय झाला? चोरून दारू निघावयाची ती निघतच राहिली, पण आतां ती घाईची, भीतीची, आणि पुष्कळदां विषारी अशी. कसबी हाताची शांतपणें उतरविलेली मोहाची दारू दुर्मिळ झाली. बर्बनचा न्याय येथें लागू असता तर १८७० सालच्या मोहाच्या अर्काच्या एका बाटलीस आज लाखों रुपये मोजणारा भेटला असता. तशी बाटलीच नाहीं. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, साल नव्हतें, भट्टीवाल्याची सही नव्हती. मुळांत बाटलीच नव्हती, गाडगें होतें. अमेरिकेंत १८९७ सालीं एक कायदा झाला. एकाच भट्टीची, एकाच हंगामांत काढलेली, सरकारी कुलुपाखालीं निदान चार वर्षें मुरलेली आणि ५० टक्के मद्यार्क असलेली व्हिस्की असेल तरच तिच्यावर सरकारी पट्टी चिकटावयाची. त्या पट्टीमुळें भट्टीचें नांव, साल आणि सचोटी कागदावर राहिली. आज लिलांवांत गिऱ्हाईक बाटली भिंगाखालीं धरून जें वाचतो तें हेंच. इकडे १८७८ सालीं मोहर आली ती कर मोजण्यासाठीं. तिनें कोणाचेंहि नांव नोंदलें नाहीं. एकाच शतकाच्या अखेरीच्या वीस वर्षांतील या दोन मोहरा. एकीनें मागें पुरावा ठेविला, दुसरीनें कांहींच नाहीं.

तेव्हां दोन लाखांची बाटली ही बव्हंशीं पुराव्याची आणि पश्चात्तापाची किंमत आहे. ज्या पिढीनें बापाची व्हिस्की नाकारून भट्टी विझविली, तिच्याच मुलांनीं उरलेल्या बाटल्यांवर बोली लावावी हा त्यांतील विनोद. ज्याला ती व्हिस्की तरुणपणीं चाखल्याचें आठवतें आणि जो ती चार मित्रांत फोडणार आहे, त्यानें ऐपतीप्रमाणें थोडेंफार अधिक द्यावें. आठवणीचा भाव दुसऱ्यानें ठरवूं नये. इतरांस मात्र ही किंमत योग्य नव्हे. आज चालू असलेल्या भट्टीची, आठ-दहा वर्षें मुरलेली उत्तम बर्बन त्या किंमतीच्या अल्प अंशांत मिळते, आणि तो पैसा पेटत्या चुलीखालीं जातो. विझलेल्या भट्टीच्या बाटलीस दिलेल्या लाखांतून त्या भट्टीच्या कामकऱ्यास एक पैहि पोंचत नाहीं; त्यास निवृत्त होऊन वा वारून कित्येक वर्षें लोटलेलीं असतात.

मोहर वेळेवर उठली तर काय होतें याचें उदाहरण फार लांब नाहीं. गोव्यांत काजूचीं बोंडें तुडवून, रस आंबवून पहिल्या उतरवणीस हुर्राक आणि दुसऱ्या उतरवणीस फेणी काढतात. २००९ सालीं फेणीस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. २०१६ सालीं गोवा सरकारनें तिला राज्याचें वारसा-पेय ठरविलें. त्यामुळें सारें सुरळीत झालें असें नव्हे. माडाची फेणी मागें पडत चालली आहे, कारण माडावर चढणारा रेंदेर मिळत नाहीं, आणि त्याच्या मुलास झाडावर चढण्यापेक्षां बोटीवर किंवा परदेशीं नोकरी बरी वाटते. त्याला दोष कोण देणार? तरी काजूच्या फेणीस नांव आहे, गांव आहे, हंगाम आहे, आणि ती करणारा मनुष्य जिवंत असतांना त्यास दाम मिळतो. मध्यप्रदेशांतहि २०२१ सालीं मोहाच्या दारूस वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याची घोषणा झाली. ज्या फुलासाठीं ठाण्यांत एकेकाळीं फौजदारी झाली, त्याच फुलाचा शेजारच्या राज्यांत सत्कार झाला.

कळंबहून किनाऱ्याकिनाऱ्यानें थोडें उत्तरेस गेलें कीं आगाशी लागते. तेथील सुकेळीं जिल्ह्यांत उत्तम, अशी नोंद इंग्रजी अमदानींतील सरकारी गॅझेटियरांत आहे. सुकेळें म्हणजे राजेळी जातीचें पिकलें केळें सोलून उन्हांत वाळविलेलें. मद्याचा त्यास स्पर्श नाहीं, म्हणून श्रोत्यांपैकीं कोणासहि तें वर्ज्य नसावें. दिवसा तें उन्हांत परतावयाचें, रात्रीं दंव लागूं नये म्हणून झांकावयाचें, असें कित्येक दिवस चालतें. वर साखर नाहीं, रंग नाहीं. जो सोनेरी तपकिरी रंग आणि जो अंजिराच्या जवळ जाणारा गोडवा येतो, तो उन्हाचा व काळाचा. शेवटीं वाळल्या केळीच्या पानांत गुंडाळून त्याची जुडी बांधतात. वसईच्या वाड्यांतून राजेळीची लागवड कमी झाली. जमिनीस इमारतीचा भाव आला. २००९ सालीं महानगरपालिका झाली. विहिरींचें पाणी खारट होत चाललें. आणि आठ आठ दिवस केळीं परतीत बसणारीं माणसें घरांत उरलीं नाहींत. सुकेळीं करणारीं घरें आतां हाताच्या बोटांवर मोजावीं इतकींच राहिलीं आहेत, आणि त्यांचा भाव साध्या केळ्यांच्या कित्येक पट झाला आहे.

हंगामांत वसईच्या बाजारांत एखादी बाई टोपलींत पांच-सहा जुड्या घेऊन बसलेली दिसते. मोटारींतून उतरलेलें गिऱ्हाईक जुडी हातांत घेऊन वास घेतें, भाव विचारतें, आणि ‘केळ्याला इतके पैसे?’ असें म्हणून खालीं ठेवतें. ती कांहीं बोलत नाहीं. जुडीचें सुटलेलें पान पुनः नीट गुंडाळते आणि ती उन्हाच्या बाजूनें काढून टोपलीच्या सांवलीकडे सरकविते.